डाव्या नळीसमोरचा पत्रा

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव. आश्विन महिना, दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे आठ. ज्वारी गुडघ्याला लागली होती. त्या सकाळी मला जेवढी भीती वाटली तेवढी आधी वाटली नव्हती, नंतरही नाही. म्हणून बोलतोय. बोलायची मला सवय नाही.

मी लोखंडी पत्रा. चार फूट लांब, चार फूट रुंद. उचलायला दोन माणसं लागतात. राहात्याकडच्या एका साखर कारखान्यात मी रसाच्या टाकीचं झाकण होतो. चौदा गाळप हंगाम वाफ सोसली. मग टाकी बदलली आणि मला नगरच्या भंगारात टाकलं.

भंगारात गॅसने कापतात. निळी आग असते. माझ्या शेजारचा पत्रा माझ्यादेखत कापला. तो लाल झाला, मग वाकला, मग दोन झाला. कापणारा माझ्याकडे वळला तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, "ह्याला हात लावू नका. हा मला पाहिजे."

तो गहिनीनाथ. फौजेतून हवालदार होऊन आलेला, नेवासे तालुक्यातला. त्याने मला टेम्पोत घातलं आणि आपल्या शेताच्या कडेला, ओढ्याच्या उंच दरडीसमोर उभं केलं. दोन्ही बाजूंना बाभळीचे दोन खुंट, त्यांच्यामध्ये मी तारेने बांधलेला. त्या दिवसापासून मी त्याचं देणं लागत होतो.

काम काय ते पुढे कळलं. गहिनीनाथ फौजेत असताना मातीच्या चकत्या उडवायचा. यंत्र बशीएवढी चकती हवेत फेकतं, ती पळते, आणि बंदुकीने ती फोडायची. एक बार उजव्या नळीचा. चुकला तर दुसरा डाव्या नळीचा. तोवर चकती लांब गेलेली असते. पेन्शनीत आला तरी नगरला स्पर्धा असली की तो जायचा.

कोणतं काडतूस घ्यावं हे चकतीवरून कळत नाही. फुटली तर फुटली, का फुटली ते ती सांगत नाही. ते मी सांगतो. माझ्या अंगाला चुना लावायचा, चाळीस पावलांवरून एक बार मारायचा. छर्रा लागतो तिथला चुना उडतो, काळा ठिपका पडतो. मग अडीच फुटांचा गोल काढून ठिपके मोजायचे. पुन्हा चुना, पुन्हा बार. प्रत्येक काडतुसाचे पाच.

प्रत्येक बाराला मी भितो. लोखंड आहे म्हणून भीत नाही असं कुणी समजू नये. बंदूक उचलली की दोन काळी भोकं माझ्याकडे बघतात. त्यांच्याकडे तोंड करून उभं राहणारा तिथे मी एकटा. बाकी सगळे बंदुकीच्या मागे असतात.

त्या वर्षी वाद दोन काडतुसांचा होता. लाल आणि हिरवं. लालमध्ये अठ्ठावीस ग्रॅम छर्रा, दाणा जरा मोठा. हिरव्यामध्ये बत्तीस ग्रॅम, दाणा बारीक. हिरवं आणलं होतं राधाकृष्णने, गहिनीनाथच्या मेहुण्याने.

"दाजी, सरळ हिशेब हाय. दाणे जास्त, तर चकतीला लागायचे जास्त."

"पाव्हनं, तुमी ठिपके मोजता. मी ठिपक्यांमधली मोकळी जागा बघतो. ही बघा, भाकरीएवढी. चकती हितनं हसत जाईल."

"मंग माझं काडतूस वाईट का?"

"वाईट न्हाई. माझ्या उजव्या नळीला ते मानवत न्हाई, एवढंच."

उजव्या नळीचा निकाल दसऱ्याआधी लागला, लालच्या बाजूने. डावीची पारख राहिली होती. डाव्या नळीचं तोंड जास्त आवळलेलं असतं, तिचा छर्रा वेगळा पसरतो. ती दसऱ्यानंतर बघायची ठरली. रविवारी स्पर्धा होती.

ठिपके मोजताना गहिनीनाथने एकदा एक गोष्ट सांगितली होती. त्याच्या पलटणीतला एक जवान बंदूक घेऊन ओढ्यात घसरला. नळीत बोटभर चिखल गेला. त्याने न बघता बार उडवला. छर्रे पुढे जाऊ शकले नाहीत, नळी फुटली. डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि एक डोळा.

"डावा हातच का?" राधाकृष्णने विचारलं.

"नळी त्याच्यावरच तोललेली असती."

ती गोष्ट मी विसरलो नाही.

आता ती सकाळ. दोघे आले. दोघांच्या टोप्यांत घटातलं धान खोवलेलं, नवरात्रात उगवलेली गव्हाची पिवळी पाती. आदल्या दिवशी घरी बंदुकीची पूजा झाली होती. गहिनीनाथची बायको केशरबाई, ती न्याहारी घेऊन मागून आली आणि बाभळीखाली बसली. राधाकृष्णने मला चुना लावला. दाट, पांढराफेक. नेम धरायला मध्ये कोळशाने फुली केली.

गहिनीनाथने फक्त डाव्या नळीत काडतूस भरलं. लाल. बंदूक मिटली, खांद्याला लावली.

आणि मी बघितलं. उजव्या नळीचं भोक काळं होतं. डाव्या नळीला भोक नव्हतं.

तिथे मातीचा रंग होता.

पूजेला बंदूक भिंतीला टेकवून, तोंड वर करून ठेवतात. कुणी तरी घटातलं धान मुळासकट, ओल्या मातीसकट दोन्ही नळ्यांत खोचलं असणार. सकाळी पाती ओढून काढली असणार. उजव्या नळीतली मुळासकट आली. डाव्या नळीतली तुटली, माती आत राहिली आणि वाळली.

त्याने आत का बघितलं नाही? पूजेआधी त्याने स्वतः दोरीला चिंधी बांधून नळ्या पुसल्या होत्या. आपण पुसलेली बंदूक पुन्हा बघायची, म्हणजे आपल्यावरच संशय घ्यायचा. गर्विष्ठ माणूस ते करत नाही. मला कळतं. मीही तसाच आहे.

त्याचा डावा हात नळीखाली होता. पाची बोटं मला दिसत होती. त्याचा गाल बंदुकीला टेकला होता.

मला तोंड नाही. मी ओरडू शकत नाही. भंगारात निळी आग वळली तेव्हासुद्धा मी आतून एवढा गार पडलो नव्हतो. त्याने श्वास धरला. बोट चापावर गेलं.

वारा आला की मी थरथरलो, हे मला विचारू नका. मागची तार गंजलेली होती, ती तुटली. मी मागे उताणा पडलो. आवाज ओढ्याच्या पलीकडे गेला असेल.

"हात्तिच्या," राधाकृष्ण म्हणाला. "दाजी, बार उडायच्या आधीच पत्रा मेला. लई भारी काडतूस हाय तुमचं."

"गप ऱ्हावा. चला, उचलायला या."

गहिनीनाथने बंदूक मोडली, म्हणजे मधल्या बिजागरीत वाकवून उघडली, काडतूस काढून खिशात टाकलं आणि बंदूक जमिनीवर ठेवली, कारण मला उचलायला दोन्ही हात लागतात. दोघांनी मला उभं केलं, नवी तार आवळली. चुना शाबूत होता. ऊन थेट माझ्यावर आलं होतं.

तो परत गेला. बंदूक उचलली. खिशातून काडतूस काढलं आणि थांबला. फौजेचा नियम होता. जमिनीला टेकलेली बंदूक आरपार बघितल्याशिवाय भरायची नाही. इथे संशयाचा प्रश्न नव्हता, नियमाचा होता. त्याने मोडलेली बंदूक डोळ्याला लावली आणि नळ्यांची तोंडं माझ्याकडे केली. उजेडाला पांढरं तेवढं मीच होतो.

उजव्या नळीतून त्याला मी दिसलो. डावीतून काहीच दिसलं नाही.

त्याने काडतूस परत खिशात टाकलं.

"राधाकृष्ण," त्याने पहिल्यांदा मेहुण्याला नावाने हाक मारली. "काठी आण."

वेळूची काठी मागून घालून ठोकली. अंगठ्याएवढा मातीचा गोळा खाली पडला. त्यात गव्हाचे दोन दाणे होते आणि पांढरी मुळं.

केशरबाई उठून आली. गोळा उचलून त्यातली मुळं बघितली.

"अवो, मीच खोचलं हुतं," ती म्हणाली. "दर साली टोपीत, नांगराला, तिजोरीला खोचते. म्हनलं, हिला का न्हाई."

"तू देवाचं म्हनून खोचलंस. बघायचं काम माझं हुतं."

"हात दाखवा तुमचा."

त्याने डावा हात पुढे केला. तिने पाची बोटं एकेक करून दाबून बघितली आणि सोडला.

त्या दिवशी पुढे दहा बार झाले, पाच लाल, पाच हिरवे. प्रत्येक बाराआधी त्याने नळी माझ्याकडे करून आरपार बघितली. डाव्या नळीला हिरवं मानवलं. ठिपके दाट आणि सारखे पडले, भाकरीएवढी जागा कुठेच नव्हती. उजवीत लाल, डावीत हिरवं असं ठरलं.

जाताना गहिनीनाथ माझ्यापाशी आला. त्याने डाव्या हाताने माझ्यावरचा उरलेला चुना पुसला. पाची बोटं माझ्यावरून फिरली.

देणं फिटलं.