फळीवर चढवलेला तांब्या

मी तांब्या बोलतोय! द्वारकाबाईंच्या लग्नात आहेर म्हणून कुरुंदा गावात आलो, तो इथलाच झालो. बुडाला पोचा पडलाय, त्यामुळे जरा धक्का लागला की मी गरगर फिरतो आणि मला हसू आवरत नाही.

द्वारकाबाईंचे मालक दगडोबा. त्यांना दोन वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. जेवलो की नाही, तेही आठवत नाही. पण मला तोंडाला लावून झालं की त्यांची हाक ठरलेली, "द्वारके, तू पिलीस का?" ती ऐकली की मी खूश!

यंदा हळद शिजवून अंगणात वाळत घातली. दगडोबा लघवीला उठायचे आणि थेट हळद तुडवत जायचे. द्वारकाबाई वैतागल्या. "पाणीच कमी पिले तर उठतील काहून?" म्हणत त्यांनी मला फळीवर चढवलं. उंचावरून घर बघताना मला तर मजाच वाटली.

मजा लवकरच उतरली. दगडोबा एकाएकी भलतंच बोलू लागले. त्यांना छपरावर बैल दिसायचे. घटकेत आरडाओरडा, घटकेत डोळे मिटून गप्प. द्वारकाबाईंनाच म्हणाले, "ही बाई कोण हाय? हाकला हिला!"

त्या पदर तोंडाला लावून चुलीपाशी बसल्या. शेजारी म्हणाले, आजार वाढला, आता असंच चालायचं. मी वर कोरडा ठणठणीत.

हिंगोलीहून लेक निता आली. "सोमवारी बाबा फोनवर बराबर बोलले. चार दिवसांत आजार इतका वाढत न्हाई, आई!" तिने त्यांना दवाखान्यात नेलं. पिशवीतून मीही गेलो, गडगडत!

डॉक्टर म्हणाले, "विसरणं हळूहळू वाढतं. असा अचानक गोंधळ उडाला, की शरीरात दुसरं काही बिघडलंय का ते लगेच बघायचं. यांना लघवीचा संसर्ग झालाय, आणि अंगात पाणी नाही."

औषध घेऊन आम्ही घरी आलो आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं सुरू झालं. दगडोबांच्या डोळ्यांवर त्यांचा चष्मा परत आला, दिवसा खिडकी उघडी, रात्री बारीक दिवा, आणि उशाशी काठोकाठ भरलेला मी! ते भलतं बोलले तरी कोणी वाद घालायचा नाही. द्वारकाबाई हात धरून सांगायच्या, "मी द्वारका. तुमी घरीच हाव." ते हात झटकायचे. त्या पुन्हा धरायच्या.

काल सकाळी दगडोबांनी मला उचललं, घटाघटा पाणी प्याले आणि दाराकडे बघून ओरडले, "द्वारके, तू पिलीस का?"

द्वारकाबाई धावत आल्या. हसत, रडत, अंगावर सांडत उरलेलं पाणी प्याल्या. तोवर दगडोबा उठून अंगणात पोचलेसुद्धा.

"तुडवा, अवो, समदी हळद तुडवा!" त्या म्हणाल्या आणि मला तिथेच टाकून त्यांच्यामागे पळाल्या.

मी अजून गरगर फिरतोय. अहो, कोणीतरी लवकर भरा मला! ते परत आले की त्यांना तहान लागलेली असेल.