गाळलेलं वाक्य

जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे मिस्त्रीचा मान. फरशी बसवणारा माणूस, बोलायला एरवी कंजूष; पण ताटं वाढली की डोळे मिटून देवाशी असा बोलायचा, जणू समोरच्या खुर्चीत कुणी येऊन बसलंय. अन्नासाठी आभार, डोक्यावरच्या छपरासाठी आभार, मग या हातांना काम दे आणि कामात बळ दे, आणि सगळ्यात शेवटी शेजारच्या कुत्र्याला थोडी अक्कल दे. तिथे त्याची लेक चिमणी खुदकन हसायची आणि हसतच आमेन म्हणायची.

झटका आला तो कामावरच. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. इस्पितळात निदान दोन घास गिळत होता, घरी आणल्यावर तेही सोडलं. चमचा ओठांशी नेला की मान भिंतीकडे. सकाळी नर्सबाई येऊन वजन करून गेल्या. आज पोटात काही गेलं नाही तर उद्या नाकातून नळी घालावी लागेल, असं त्यांनी दारात चपला घालता घालता सांगितलं.

बायकोने सगळे उपाय करून पाहिले होते. गोड बोलून झालं, रागावून झालं. चर्चचे पाळकसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून गेले, तेव्हाही तो छताकडेच बघत होता. प्रार्थना आता तीच म्हणायची, कारण त्याशिवाय चिमणी घास तोंडात घालत नसे. ती म्हणताना तो टक लावून तिच्या ओठांकडे बघायचा आणि आमेन झालं की तोंड फिरवायचा. देवावर रुसलाय, असं ती धरून चालली होती. खरं तर ती स्वतःही रुसली होती, पण धुणं, भांडी, अंथरूण बदलणं यातून रुसून बसायला सवड कुणाला.

दुपारी सूप गाळून तिने वाटी त्याच्या पलंगालगतच्या टेबलावर ठेवली आणि भरभर उरकायला घेतलं. अन्नासाठी आभार, छपरासाठी आभार, कुत्र्याला अक्कल दे, आमेन.

चिमणीने आमेन म्हटलंच नाही. बोटांवर मोजत ती म्हणाली, "हातांचं राहिलं."

"असू दे. जेव तू."

"रोज गाळतेस. बाबा म्हणायचे ते."

पहिल्याच दिवशी बायकोने ते वाक्य मुद्दाम गाळलं होतं. त्याचा उजवा हात चादरीवर पडलेला, कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. त्याच्यासमोर हातांना काम कसं मागायचं? ते गाळताना जखमेवर पदर घातल्यासारखं वाटलं होतं तिला. त्याच्या वतीने काय मागायचं नाही, हे तिने त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्या ओठांकडेच बघत होता, रोजच्यासारखा. वाट बघत होता.

मागून मिळेल यावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. तरी तिने तो जड, गार हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"या हातांना काम दे," ती म्हणाली, "आणि कामात बळ दे, प्रभू."

त्याचा डावा हात सरकत टेबलापर्यंत गेला. बोटाच्या पेराने त्याने लाकडावर टकटक केली. प्रत्येक फरशी बसवल्यावर करायचा तशीच, खाली पोकळी तर राहिली नाही ना ते ऐकायला. क्षणभर थांबून पुन्हा एकदा केली.

"आमेन," चिमणी म्हणाली.

तिने चमचा पुढे केला. त्याने तोंड उघडलं. निम्मं सूप हनुवटीवरून ओघळलं, ते ती पदराने टिपत राहिली. तिच्या मांडीवर तो उजवा हात होता तसाच पडून होता, बोटसुद्धा हललं नव्हतं. नळीचं काय ते उद्या नर्सबाई बघतील. त्याने दुसऱ्या चमच्यालाही तोंड उघडलं.

"आता कुत्र्याचं परत म्हणू?" चिमणीने विचारलं.

"म्हण," ती म्हणाली. तिचे डोळे आपोआप मिटले.