लुगड्यातलं हिरवं

तान्ह्या भाविकच्या झोळीला कुणी हात लावायचा नाही, हे सारिकाने ती बचत गटाच्या शेडमध्ये वाशाला बांधली त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. झोळी तिच्या आईच्या लुगड्याची. आई गेल्यावर मुरबाडकडच्या माहेराहून तिने तेवढंच आणलं होतं.

आणि आज नेमकं सापगावच्या त्या शेडमध्ये गाळायचं कापड टर्रकन फाटलं. गटाने विकण्यासाठी टाकीत स्पिरुलिना वाढवलं होतं, खाण्यात घालायचं पौष्टिक हिरवं. गाव त्याला शेवाळच म्हणे. ते कापडातून गाळायचं, पाणी निथळलं की सोऱ्यातून शेवयांसारखं पाडून उन्हात वाळवायचं. पहिलीच खेप. ऊन चढलं की बादल्यांतलं सगळं नासणार.

"सारे, ती झोळी दे ना गो," गटातली छाया म्हणाली.

"ती नको. आयचं लुगडं हाय."

"मंग काय माझ्या पदरात गाळू? नायलॉनचा हाय. मासं घावतील फक्त!"

सारिकाला हसू आलं, पण हात हलेना. बादलीवर फेस धरू लागला तेव्हा तिने भाविकला छायाच्या कडेवर दिलं, गाठी सोडल्या आणि लुगडं नाकाला लावलं. आईच्या चुलीच्या धुराचा वास कधीच गेला होता; पोराच्या दुधाचा वास तेवढा आला. तिने ते उकळत्या पाण्यातून काढलं.

मग बादल्यांतलं हिरवं लुगड्यात ओतून वर गाठ मारली. छायाने एका हाताने गाठोडं पिळायला घेतलं, तसं बोटांमधून हिरवंगार पाणी वाहू लागलं.

"पिळू नको गो! त्याचं त्याला निथळू दे!"

सारिका स्वतःच दचकली. आवाज तिचा नव्हता. आई नाचणीचं सत्त्व काढायची, तेव्हा असंच ओरडायची. याच लुगड्यात बांधलेली नाचणी आढ्याला टांगलेली असायची, आणि लहानगी सारिका ती झोळी समजून झुलवायची. "आये, बाळ कधी उठंल?" "निथळलं की उठंल."

दोघींनी गाठोडं वाशाला टांगलं. थेंब पडू लागले, स्वच्छ पाण्याचे. कडेवरच्या भाविकने भोकाड पसरलं, तशी सारिका सवयीने गाठोड्याला झोका देऊ लागली.

"अगो येडे, तुझा पोर हिकडं हाय! ते शेवाळ हाय!"

"असू दे. त्याला पण निजू दे थोडं," सारिका म्हणाली आणि झोका देतच राहिली.

संध्याकाळी सुपांत हिरव्या शेवया कडकडीत वाळल्या होत्या. लुगडं कितीही धुतलं तरी हिरवं जाईना. सारिकाने ते तसंच पुन्हा वाशाला बांधलं आणि भाविकला आत ठेवलं.