ओळख करून दे

विनोदिनी तायडेने डायलिसिसच्या खोलीचं दार आपटायला म्हणून जोरात ढकललं, पण ते आपोआप हळू मिटणाऱ्या जातीचं होतं. त्यामुळे राग अर्धाच निघाला आणि उरलेला घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली. पिशवीत बायबल होतं आणि घरून मुद्दे काढून आणलेला पाठ होता. सुशीलने आज तो दुसऱ्या मुद्द्यावरच थांबवला होता.

सुशील तिचा धाकटा भाऊ. रायपूरच्या पंडरी बाजारातल्या एका ठोक कापड दुकानात तो मॅनेजर होता, उभा जन्म कापडाची थानं उलगडण्यात गेला होता. वर्षापूर्वी त्याच्या किडन्यांनी काम सोडलं आणि तेलीबांध्याजवळच्या एका दवाखान्यात त्याचं डायलिसिस सुरू झालं. बायको क्षमा शाळेत शिकवायची, तिला दर वेळी सुट्टी मिळत नसे. विनोदिनी वीज खात्यातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. तेव्हा सुशीलजवळ बसायचं काम तिच्याकडे आलं. तिने ते आनंदाने घेतलं, कारण तिच्या मनात एक हिशेब होता.

तायडे कुटुंब मूळचं अमरावतीकडचं. वडील शामराव रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. चर्चमधली उपासना हिंदीत चालायची, पण तिच्यानंतर मागच्या खोलीत मराठी कुटुंबांचा एक लहानसा बायबल वर्ग भरायचा आणि तो विनोदिनी घ्यायची. कृपा म्हणजे काय, नीतिमान ठरणं म्हणजे काय, त्रैक्य कसं समजून घ्यायचं, हे तिच्याइतकं स्वच्छ सांगणारं कोणी नव्हतं. पास्टरसुद्धा एखाद्या वचनावर अडले की तिला फोन करत. सुशील मात्र लग्नानंतर चर्चला यायचा बंद झाला होता. तो भांडला नाही, सोडतो असंही म्हणाला नाही. रविवारी दुकानात माल उतरतो, एवढं कारण त्याला पुरलं.

आता तो मशीनला जोडलेला असायचा. मशीनला जोडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. विनोदिनीला हा देवानेच दिलेला मोका वाटला होता.

कित्येक आठवडे त्याने ऐकून घेतलं. डोळे मिटून पडायचा, मधूनच ‘हव’ म्हणायचा. आज मात्र त्याने डोळे उघडले.

“ताई, एक विचारू का? तुही त्याच्यासंग ओळख हाय का?”

“कोणासंग?”

“येशूसंग.”

विनोदिनीला बरं वाटलं. प्रश्न आला म्हणजे माती भिजली. तिने सांगायला सुरुवात केली, की तो देवाचा पुत्र, तो शब्द जो देही झाला, आपल्या पापांसाठी ज्याने...

“थांब,” सुशील म्हणाला. “मी ओळख विचारून राहिलो अन तू बायोडाटा सांगून राहिली.”

“म्हणजे?”

“म्हणजे ओळख. आपण म्हणतो न, कलेक्टर ऑफिसात कोणाची ओळख हाय का? म्हणजे जो माणूस मी फोन केला तर उचलन, माहं नाव सांगितल्यावर ‘कोण?’ असं नाही विचारन. मशीनवर बीपी खाली जाते न ताई, तेव्हा डोयापुढे काळं येते. सगळे धावतात, पण मी अंदर एकलाच असतो. तिथं कोणी पाह्यजे. तुही ओळख असन तर मले भेटव. नसन तर हे सांगू नको, मले थकवा येते.”

“पण सुशील, विश्वास म्हणजे आधी समजून...”

“जाय तू. बाहेर बस.”

आणि ती बाहेर बसली होती. असा कसा बोलला हा? दर वेळी स्कूटी काढून, ऊन खात, ती कोणासाठी येत होती? पण राग सुशीलवर फार वेळ टिकेना. तो सरकत सरकत तिच्या स्वतःच्याच जवळ येऊन बसला. कारण प्रश्न साधा होता आणि ‘हो’ म्हणायला तिची जीभ उचलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार लावून घेतलं, गुडघे टेकले. “हे सर्वसमर्थ व कृपाळू पित्या, आम्ही तुझ्या चरणी नम्र होतो,” तिने सुरू केलं आणि थांबली. खोलीत ती एकटी होती. हे ‘आम्ही’ कोण? आवाजही तिचा नव्हता. वर्गाच्या शेवटी प्रार्थना म्हणायचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज होता. तिने पुन्हा केलं, हळू आवाजात. पुन्हा तीच वाक्यं आली, फक्त हळू. मग पाण्याची मोटर लावायची राहिली हे आठवलं आणि ती उठली.

असं बरेच दिवस चाललं. विनोदिनी हट्टी बाई होती. रोज बसायची आणि रोज चिडून उठायची. लहानपणी असं नव्हतं, हे तिला आठवायचं. रेल्वे कॉलनीतून शाळेत जाताना ती येशूशी बोलत जायची, ओठ हलवत. शिवणाच्या बाई कशा मारतात, आईने सुशीलला जास्त गूळ कसा दिला, सगळ्या चहाड्या त्याच्याकडे. तेव्हा तिला त्रैक्याची व्याख्या येत नव्हती. पुढे तिने पत्राने चालणारा बायबलचा अभ्यासक्रम केला, परीक्षा दिल्या, पहिली आली. त्या अभ्यासाबद्दल तिला आजही वाईट वाटत नव्हतं. जे शिकली ते खरंच होतं. पण त्या गडबडीत तो माणूस कुठे गेला?

ती पास्टरांकडे गेली. त्यांनी प्रेमाने ऐकलं आणि प्रार्थनेच्या पाच पायऱ्या सांगितल्या. त्या पाचही पायऱ्या तीच वर्गात शिकवायची. घरी येऊन तिने कुकर इतका जोरात आदळला की सुशीलची कॉलेजातली मुलगी पिंकी, जी त्या दिवशी आत्याकडे जेवायला आली होती, दचकून उठली. पिंकीला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदीच.

“बुआ, आप किससे नाराज़ हो? पापा से?”

“नाही.”

“तो किससे?”

विनोदिनीने कुकरचं झाकण लावलं. राग कोणावर आहे हे तिलाही त्याच क्षणी कळलं, पण ते नाव तोंडावर घ्यायची तिची हिंमत नव्हती. देवावर रागवू नये, असं तिनेच किती जणांना सांगितलं होतं.

सुशीलकडे जाणं तिने सोडलं नाही, पाठ मात्र सोडला. दोघं गप्प बसायची. तो छताकडे बघायचा, ती मशीनमधून फिरणाऱ्या लाल नळीकडे. हे गप्प बसणं पाठापेक्षा जड होतं.

मग एका दुपारी क्षमाचा फोन आला. विनोदिनी तेव्हा बूढापाऱ्याच्या बाजारात होती, शिलाईला दिलेले ब्लाऊज घ्यायला. “ताई, यांच्या हाताचा फिस्टुला बंद पडला,” क्षमा म्हणाली. फिस्टुला म्हणजे हातातल्या शिरा जोडून केलेली वाट, जिच्यातून रक्त मशीनकडे जायचं. “आता मानेतून नळी टाकतो म्हणतात. आत्ताच. मी शाळेतून निघून राहिली, पण मले उशीर होईन. ते लय घाबरले ताई. तुम्ही पोचा.”

विनोदिनीने ब्लाऊज तसेच टाकले, तोंडाला ओढणी गुंडाळली, वर हेल्मेट चढवलं आणि स्कूटी काढली. दोन वळणांवर गल्ली तुंबली होती. एका चारचाकीने तोंड अडवलेलं, समोरून फळांचा ठेला, दोन्ही बाजूंनी स्कूटर. कोणीच मागे सरायला तयार नाही. हॉर्न, ऊन, कोणाच्या तरी गाडीचा धूर तोंडावर. ती एक पाय टेकवून उभी राहिली. तिकडे सुशीलची मान वळवून धरली असेल. तो लहान असताना साध्या इंजेक्शनला पलंगाखाली शिरायचा.

आणि ओढणीच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा तोंडाने, विनोदिनी बोलायला लागली.

“कुठी हाय रे तू? मी कवाची उभी हाय इथं. रोज सकाळी बसते न मी? गुडघे दुखतात माहे, तरी बसते. एक शब्द नाही तुहा. तुह्याबद्दल बोलता बोलता माहे केस पिकले, अन तो पोट्टा मले विचारते ओळख हाय का, तर मले सांगता येत नाही. काय इज्जत ठेवली तू माही?”

मागचा हॉर्न वाजवत होता. ती थांबली नाही.

“मले राग आला हाय तुहा. लय राग आला हाय. तुले माहीत हाय न अंगात लोखंड शिरते तेव्हा कसं वाटते? तुले कोणी सांगायची गरज हाय का? त्याच्या मानेत टोचून राहिले ते. मी इथं अडकली. तू तर नाही न अडकला? जाय न मंग. जाय अन बस त्याच्यापाशी. मले नको भेटू, मले काही दाखवू नको, पण त्याच्यापाशी बस. तो एकला हाय अंदर. त्याले भेव लागते.”

शेवटचे शब्द नीट निघालेच नाहीत. ओढणी नाकापाशी ओली झाली होती. विनोदिनी रडत होती, भर बाजारात, आणि रडता रडता तिला जाणवलं की आपण हे कोणाला तरी म्हणालो. फोनवर समोरचा काही बोलत नाही, पण फोन कट झालेला नाही हे कानाला कळतं, तसं काहीसं होतं ते. उत्तर आलं नव्हतं. गल्लीही मोकळी झाली नव्हती. पण इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या बोलण्याला समोर कोणी होतं.

“दीदी, बढ़ाओ ना आगे,” मागचा ओरडला. ठेला सरकला होता. तिने स्कूटी पुढे घेतली.

ती पोचली तेव्हा नळी टाकून झाली होती. सुशीलच्या मानेला जाड पट्टी होती आणि मशीन चालू होतं. चेहरा पांढरा पडला होता. ती स्टुलावर बसली. हात धरावा असं वाटलं, पण दोघांनाही त्याची सवय नव्हती. तिने चादर ओढून नीट केली.

“उशीर केला,” तो म्हणाला.

“बूढापाऱ्यात अडकली. काहून, लय दुखलं?”

“दुखलं. सुन्न केलं म्हणत होते, काही सुन्न नव्हतं झालं.” थोड्या वेळाने म्हणाला, “आज पाठ नाही?”

“नाही. आज मी भांडून आली.”

“ट्रॅफिकवाल्यासंग?”

“येशूसंग.”

सुशीलने मान वळवायचा प्रयत्न केला, पट्टीने वळू दिली नाही. तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बहिणीकडे बघत राहिला. त्याला वाटलं ती थट्टा करते आहे, पण विनोदिनी थट्टा करणाऱ्यांतली नव्हती, आणि तिचे डोळे सुजलेले होते.

“काय म्हणे मंग तो?”

“काही नाही म्हणे.”

“मंग?”

“ऐकून राहिला होता.” तिने जरा विचार केला. यापेक्षा जास्त सांगितलं तर खोटं होईल असं तिला वाटलं. “तू विचारलं होतं न ओळख हाय का. होती सुशील. पहिले होती. मंग मीच त्याच्यासंग बोलाचं सोडून त्याच्यावर बोलत बसली. आता पुन्हा नव्यानं जाऊन उभी राहिली हाय. त्याच्यानं तुही ओळख लागते का, मले नाही माहीत.”

पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचं मशीन वाजायला लागलं, टेक्निशियन येऊन बटण दाबून गेला.

“इथं भांड,” सुशील म्हणाला.

“इथं?”

“माह्यासमोर. मले पाहू दे कसं भांडतात.”

विनोदिनीला लाज वाटली. वर्षानुवर्षं वर्गापुढे प्रार्थना म्हटलेली ती बाई, पण या चार पलंगांच्या खोलीत तिने आधी दाराकडे पाहून घेतलं. तिने डोळे मिटले नाहीत, मिटले असते तर वर्गातला आवाज आला असता. लाल नळीकडे बघतच ती हळू म्हणाली, “हे पाह्य, मी पुन्हा आली. हा माहा भाऊ. तुले माहीत हाय तो, पण तो म्हणते त्याची तुह्यासंग ओळख नाही. याची मान दुखते. मले काही सुचत नाही. आता तूच बोल त्याच्यासंग, माह्याच्यानं होत नाही.”

ती थांबली. आमेन म्हणायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

“मी पण बोलू का?” सुशीलने विचारलं.

“बोल न.”

तो छताकडे बघत होता. “मले तर तुहा लय राग येते,” तो म्हणाला. “माह्याच किडन्या दिसल्या का तुले? दुकानात काय कमी चोर हायेत? तूच केलं हे, अन आता तूच ये म्हणून बोलावून राहिलो, दुसरा कोणी दिसत नाही.”

विनोदिनीच्या ओठांवर दुरुस्ती आली होती. दुःख देव देतो का, या विषयावर तिचा अख्खा पाठ तयार होता, वचनांसकट. तिने ओढणीचं टोक दातात धरलं.

“भेव लागते मले,” सुशील पुढे म्हणाला, आता अगदी लहान आवाजात. “मशीन वाजते तेव्हा भेव लागते. तेव्हा येत जा. बस.”

त्याने डोळे मिटले. डोळ्याच्या कडेतून पाणी कानाकडे गेलं, ते तिने पुसलं नाही. त्याला ते आवडलं नसतं.

चमत्कार काही झाला नाही. मानेतली नळी महिनाभर राहिली, मग दुसऱ्या हातावर ऑपरेशन करून नवा फिस्टुला केला, आणि आठवड्यातले ते ठरलेले दिवस तसेच सुरू राहिले. सुशील रविवारी चर्चला आला नाही. विनोदिनीने बोलावलंही नाही. तिच्या स्वतःच्या सकाळी काही एकदम उजळल्या नाहीत. कधी ती बोलायची आणि समोर कोणी असायचं, कधी नुसती भिंत असायची, आणि भिंत असली की ती त्याबद्दलही त्याला ऐकवायची. वर्ग ती घेत राहिली. पण शिकवता शिकवता मधेच थांबायची, शब्द शोधल्यासारखी. जुन्या बायकांना वाटलं, बाईंचं वय झालं.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी क्षमाचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

“ताई, डॉक्टरले विचारावं का? किडनीचं जहर दिमागात जाते म्हणतात न? हे आज गॅलरीत उभे राहून एकलेच बोलत होते. कोणावर तरी चिडले होते. मी चहा घेऊन गेली तर चूप झाले.”

विनोदिनी पोळी लाटत होती. तिने लाटणं बाजूला ठेवलं.

“काय म्हणत होता?”

“मले पूर्ण नाही ऐकू आलं. म्हणत होते, काल तू आला नाही, मी कवाचा वाट पाहून राहिलो होतो. असं नाही चालणार म्हणे.” क्षमा थांबली. “काल तर कोणी येणार नव्हतं ताई.”

तव्यावरची पोळी फुगून करपायला लागली होती. विनोदिनीने गॅस बारीक केला.

“डॉक्टरले नको सांगू,” ती म्हणाली. “चहा देशीन तर जरा थांबून देत जा.”