गाडीत काहीतरी निघू दे

आपल्या गाडीत चांगला मोठा बिघाड निघावा, असं मनापासून वाटणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? लोक गॅरेजच्या दारात उभे राहून "फार काही निघालं नाही म्हणजे मिळवली" असं पुटपुटत असतात. आणि मास्तर मात्र तिथेच उभे राहून मनात विनवणी करत होते, की निघू दे रे बाबा, काहीतरी निघू दे, आणि गाडीतच निघू दे.

त्याचं असं झालं होतं, की गेल्या काही दिवसांत गाडी दोनदा आपोआप पुढे धावली होती. आपोआप हा मास्तरांचा शब्द. एकदा औषधाच्या दुकानापुढे थांबवताना ती फुटपाथवर चढली आणि दुकानाच्या पायरीवर आदळली. दुसऱ्यांदा तर घराच्याच फाटकावर गेली. "मी ब्रेक दाबला होता. चांगला जोर लावून दाबला होता," असं मास्तर सांगायचे, आणि ते खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर लोक हसून मोकळे झाले असते. पण मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, अर्धं शहर त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलेलं. त्यांनी ब्रेक दाबला म्हटल्यावर दाबलाच असणार, यात वाद कसला?

वाद घातला तो त्यांच्या लेकीने. वाकलेल्या फाटकाजवळ उभी राहून ती म्हणाली, "बाबा, राग मानू नका, पण स्पष्ट बोलते. गाडीत दोष निघाला तर दुरुस्त करू. नाही निघाला, तर किल्ली मी घेऊन जाणार. आणि हे कळेपर्यंत चिमणी तुमच्या गाडीत बसणार नाही."

चिमणी म्हणजे नात. तिला शाळेतून आणायचं काम आजोबांचं होतं, ते तिथल्या तिथे गेलं.  

एक वेळ स्वतःचं मास्तरांनी सोसलं असतं. पण बायकोचं काय? तिचे गुडघे पार गेलेले. तिची थोरली बहीण शहराच्या पार त्या टोकाला अंथरुणाला खिळून होती. ताई आता कुणालाच ओळखत नव्हती, ओळखायची ती फक्त या धाकटीला, आणि तेही हात हातात घेतल्यावर. तिकडे बस जात नाही. भाड्याची गाडी जाताना मिळते, येताना मिळत नाही. लेकीची नोकरी अशी, की सुटी मागायची म्हणजे साहेबाचं तोंड बघायचं. तेव्हा मास्तरांची गाडी होती म्हणून दर आठवड्याला बहिणी बहिणींची भेट होती. गाडी गेली की भेट संपली, इतकं ते साधं होतं.

गॅरेजवाल्याने आपलं दोष शोधायचं मशीन लावून पाहिलं, ब्रेक उघडून दाखवले, पेडलं दाबून दाबून पाहिली. "मास्तर, गाडी ठणठणीत आहे."

"नीट बघ."

"नीटच बघितलं."

"तुला सापडत नाही म्हणजे दोष नाही, असं कुठे असतं?" मास्तरांचा आवाज चढला.

"मग तुम्ही स्वतःचं मशीन घ्या," गॅरेजवालाही वैतागला. "हल्ली सगळेच घेतात. मशीन म्हणतं अमुक सेन्सर, की हे तो बदलून मोकळे. आणि बिघाड असतो वायरीत. मग येतात माझ्याकडेच."

मास्तरांनी नेमकं "मशीन घ्या" एवढंच ऐकलं. घरी येऊन शेजाऱ्याला विचारलं, तर त्याच्या अंगात उत्साह संचारला. "घ्या की! मी म्हणतो, प्रत्येक गाडीवाल्याने घेतलंच पाहिजे. बीपीचं मशीन आपण घरात ठेवतो ना? मग गाडीचं का नको? हे गॅरेजवाले आपल्या डोळ्यांत धूळ फेकतात." या शेजाऱ्याची स्वतःची गाडी सावलीतून क्वचितच हलायची, पण तिची तपासणी मात्र न चुकता चालायची.

मशीन आलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. स्टिअरिंगखाली गुडघे टेकून, मान वाकडी करून मास्तरांनी ते खाचेत बसवलं आणि मोबाइल नाकाशी धरला. स्क्रीनवरचं चाक फिरलं, फिरलं, आणि हिरवी खूण उमटली: एकही दोष आढळला नाही.

त्यांनी मशीन काढून पुन्हा लावलं. पुन्हा हिरवी खूण. सकाळी गाडी गार असताना लावलं, दुपारी तापल्यावर लावलं. हिरवी, हिरवी, हिरवीच! कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "अभिनंदन मास्तर!" मास्तरांना त्याचा गळा दाबावासा वाटला. मग त्या शेजाऱ्यानेच उपाय सुचवला. "दोष येत-जात असेल, तर तो उभ्या गाडीत सापडायचा नाही. चालत्या गाडीत नोंद चालू ठेवा. इंजिन, वेग, पेडल, सगळ्याच्या रेघा काढतं हे. बरोबर पकडेल."

बायकोच्या बहिणीकडे जायचा दिवस होता. नोंद चालू करून मास्तर निघाले. शेजारी बायको, मांडीवर ताईसाठी धुतलेल्या चादरींची पिशवी. रस्ताभर गाडी गुणी बाळासारखी चालली. ताईच्या गल्लीत वळले आणि एक सायकलवाला आडवा आला. मास्तरांनी ब्रेक दाबला. चांगला जोर लावून दाबला. गाडी गर्जत पुढे झेपावली, सायकलवाला कसाबसा निसटला, आणि गाडी एका घराच्या कुंपणात जाऊन घुसली.

बायकोचं मनगट पुढे आदळलं होतं. चादरी पायात पडल्या होत्या. आणि हा गृहस्थ काय म्हणतो? "पकडलं! आता पकडलं बघ!" बायकोला लागलं का, हे विचारायचं राहिलं बाजूला, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. संताप येतो ना ऐकून? मलाही येतो. पण बुडत्या माणसाच्या हाती काहीतरी लागलं होतं, त्याला त्या क्षणी दुसरं काही दिसत नव्हतं.

घरमालकाची माफी मागून झाली. बायको मनगट चोळत ताईजवळ जाऊन बसली. मास्तर बाहेर गाडीतच बसले आणि त्यांनी नोंद उघडली. वेगाची रेघ शांत होती, मग एकदम चढली होती. तिच्या जरा आधी दुसरी एक रेघ उठून टोकाला पोचली होती. तिच्यापुढे लिहिलं होतं: ॲक्सिलरेटर पेडल.

"अरे, म्हणजे पेडलचाच सेन्सर खराब!" मास्तर मोठ्याने म्हणाले. इंजिन बंदच ठेवून त्यांनी किल्ली फिरवली आणि ते पेडल दाबून पाहिलं. पाय खाली गेला तसा आकडा वर गेला. पाय उचलला, आकडा उतरला. अर्ध्यावर धरला, तर आकडाही अर्ध्यावर थांबला. पुष्कळ वेळा केलं. पेडल एकदाही चुकलं नाही.

मग त्यांनी डोळे मिटले. समोर सायकलवाला आलाय असं मनात आणलं, आणि पूर्वी शिकाऊ पोरांवर ओरडायचे तसे स्वतःवरच ओरडले, "ब्रेक!" पाय धाडकन खाली गेला. डोळे उघडून पाहिलं. पाय ॲक्सिलरेटरवर होता.

आता हे कसं, ते सांगायला हवं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही पेडलं असतात, पण दोनच. डावीकडे क्लच आणि उजवीकडे ब्रेक. ॲक्सिलरेटर मास्तरांच्या बाजूला नसतोच. सारा जन्म हा माणूस त्या बाजूला बसला. शिकणारा गडबडला, समोर कुणी आलं, की मास्तरांचा पाय उजवीकडच्या शेवटच्या पेडलवर जायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची. विचार करावा लागायचा नाही. त्या पायाने किती जीव वाचवले असतील, कुणास ठाऊक. या बाजूला बसलं की मात्र उजवीकडचं शेवटचं पेडल ॲक्सिलरेटरचं. डोकं जागेवर होतं तोवर ते पायाला सांभाळून घेत होतं. हल्ली घाबरलं की डोकं मागे पडत होतं, आणि पाय जन्मभराचं शिकलेलं करून मोकळा होत होता.

दोष सापडला होता. बदलायला त्याचा पार्ट मिळत नव्हता.

"सापडलं का हो?" परत येऊन बसताना बायकोने विचारलं.

"सापडलं."

"काय होतं?"

मास्तरांनी आरशात पाहिलं. मागे कुणीही नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं. "पेडलचा सेन्सर," ते म्हणाले.

"बरं झालं बाई," म्हणून बायकोने लेकीला फोन लावला. मास्तरांनी अडवलं नाही. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण खरं सांगू? त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांनी सबंध रस्ता जीव मुठीत धरून, सायकलींच्या मागे मागे गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला पेडल बदलायला लावलं. तो म्हणाला, "चांगलं आहे हो ते." मास्तर म्हणाले, "बदल म्हणतो ना!" त्याने बदललं.

ताईकडे जायचा दिवस पुन्हा आला. बायको तयार होऊन दारातल्या खुर्चीत बसली होती, तेवढ्यात लेक आली. बरोबर चिमणी.

"बाबा, चुकलंच माझं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, तुमचंच काहीतरी... किती बोलले मी तुम्हाला! आज हिला घेऊन जा मावशीआजीकडे. किती दिवस मागे लागलीये, आजोबांच्याच गाडीतून जायचं म्हणून." बोलता बोलता तिने मागचं दार उघडून पोरीला बसवलं आणि पट्टा लावला.

चिमणीने पाय हलवत विचारलं, "आजोबा, जोरात नेणार?"

मास्तरांच्या हातात किल्ली होती.  "गाडीत काही दोष नाही," ते म्हणाले.

"हो ना, झाली दुरुस्त. सुटलो बाई."

"तसं नाही." मास्तर पुढे झाले. "गाडीत दोष नव्हताच. तिला उतरव."

लेकीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.  तिने पट्टा सोडला, पोरीला उचलून घेतलं, आणि हात पुढे केला. मास्तरांनी त्यावर किल्ली ठेवली. चिमणी रडायला लागली, तिला समजावत लेक रस्त्यापर्यंत गेली. मग मागे वळून म्हणाली, "सुटी मिळाली की मी नेईन आईला." कधी मिळेल ते तिलाही माहीत नव्हतं.

मास्तर दारात आले. बायको अजून खुर्चीतच होती. "तुला फसवलं मी," ते म्हणाले. "पाय चुकत होता माझा."

"मला काय सांगता? शेजारी बसत होते मी," बायको म्हणाली. "पहिल्यांदा झालं तेव्हाच दिसला होता तुमचा पाय."

 "मग बोलली का नाहीस?"

"मला ताईकडे जायचं होतं." तिने मांडीवरची चादरींची पिशवी खाली ठेवली. "पोरीला काहीतरी निमित्त काढून उतरवायचं होतं हो. सांगितलंत कशाला?"