गुणाकर बाबूंचं स्पष्टीकरण

गुणाकर मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो लोकांच्या नावाने कारणे दाखवा नोटिसा टाइप केल्या. स्वतःच्या नावाची पहिली नोटीस निवृत्तीला चार महिने उरले असताना आली, आणि तीही त्यांनाच टाइप करावी लागली. साहेबांनी एवढंच विचारलं होतं की, वरिष्ठ अधिकारी अस्वलासमोर उभे असताना आपण दाराला आतून कडी का लावली?

प्रश्न रास्त होता. मलाजखंडच्या वाटेवर दौऱ्याचा मुक्काम होता. सकाळी साहेब तोंडात ब्रश धरून विश्रामगृहाच्या अंगणात उभे होते, तेवढ्यात मोहाची फुलं खायला आलेलं अस्वल कोपऱ्यावरून वळलं. गुणाकर धूम ठोकून आत शिरले आणि कडी लावून मोकळे झाले. साहेब ब्रशासकट जागच्या जागी थिजले. उरला चपराशी दुलीचंद. त्याने बोंब ठोकत लोखंडी बादली अस्वलाला फेकून मारली. अस्वल जंगलात गेलं, बादलीला पोचा पडला. ड्रायव्हरने गाडीच्या काचा वर करून या सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि दुपारपर्यंत तो वारासिवनीत पोचला. लोक साहेबांच्या ब्रशाला हसले. मग चौकशी होणं भागच होतं.

गुणाकर नोटीस घेऊन घरी आले. इतकी वर्षं जपलेलं कोरं सेवापुस्तक, त्यावर एका अस्वलापायी डाग पडणार! नागपूरला मेंदूविज्ञान शिकणारी त्यांची लेक देवश्री सुट्टीला आली होती.

"बाबा, कडी तुम्ही विचार करून लावली काय?"

"विचार कराले टाइम कुठं होता व!"

"मंग तेच लिहा ना. भेता काहून?"

तिने कागदावर मेंदू काढून दाखवला. त्याच्या मधल्या भागात एका बारीक नळीभोवती करड्या पेशींचा पट्टा असतो. संकट अंगावर आलं की माणसाने पळायचं, थिजायचं की तुटून पडायचं, यात त्या पट्ट्याचा मोठा हात असतो; तिने तिथून तिन्हींकडे तीन बाण काढले. विचार मागून येतो. आपल्या डोक्यात इतकं तत्पर कार्यालय आहे, हे गुणाकरांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी अडीच पानी स्पष्टीकरण लिहिलं, तिन्ही प्रकार क्रमाने मांडले आणि लेकीची आकृती सोबत जोडली.

साहेबांनी ते वाचायला घेतलं. 'थिजणे' या शब्दावर आले आणि खुर्चीत ताठ झाले.

"मतलब, मैं डरा नहीं था?"

"नाही साहेब. ते मेंदूनं परस्पर केलं."

"वाह, बडे बाबू! लिख दो, दोनों निर्दोष."

पण उघडलेली फाइल कुणावर तरी ठपका ठेवल्याशिवाय बंद होत नाही, हे गुणाकरांइतकं कुणाला ठाऊक? साहेबांनी लाल पेन उचललं आणि 'तुटून पडणे' ही ओळ खोडली.

"ये हटा दो. उसने सरकारी बाल्टी खराब की, जंगली जानवर को मारा. वो तो उसने सोच-समझकर किया."

"पण साहेब, ते बी तिथूनच..."

"आपके चार महीने बचे हैं ना?" साहेबांनी फार मायेने विचारलं.

गुणाकरांनी ओळ काढली. मग आकृतीतला तिसरा बाणही पांढऱ्या शाईने पुसला, कारण अर्धवट काम त्यांना कधीच खपत नसे. संध्याकाळच्या आत दुलीचंदच्या बदलीचा आदेश निघाला. त्याला त्याच विश्रामगृहावर धाडलं होतं.

आदेश घ्यायला दुलीचंद टेबलाशी आला. सही करता करता म्हणाला, "बाबूजी, सारे म्हनून राह्यले, तुमच्या पोरीनं भारी गोष्ट सांगतली. तुमाले मेंदूनं पळवलं, साहेबाले मेंदूनं थांबवलं. मंग मले कोनं बादली मारायले लावली?"

गुणाकरांना उत्तर ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं. खोलीत साहेब नव्हते, अस्वल तर नव्हतंच. शरमेने त्यांचे कान तापले, पण त्यांनी फक्त आदेशावर शिक्का मारून प्रत पुढे सरकवली.

दुलीचंदने प्रतीची घडी करून खिशात ठेवली. मग रोजच्यासारखा म्हणाला, "चाय आनू का, बाबूजी?"

"हौ," गुणाकर म्हणाले. "साखर कमी."