उपाशी पोटाने ऐंशी मीटरवर

मंडळी, सकाळच्या घाईत पुढ्यातलं ताट तसंच टाकून पळणारा एक तरी महाभाग तुमच्या घरात असेलच. आमचा क्रेनवाला त्यातलाच. बायको भल्या सकाळी उठून अंडी उकडायची, पाव भाजायची, केळं ठेवायची आणि हा गडी उभ्या-उभ्या काळा चहा ढोसून दाराबाहेर.

"निदान एक अंडं तरी खाऊन जा," ती म्हणायची.

"तुला काय कळतंय? मला वर चढायचं असतं."

त्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. उंच क्रेनची शिडी चढायला पंधरा मिनिटं, उतरायला तेवढीच. पोटाने मध्येच दगा दिला तर अर्धा तास काम ठप्प आणि वर इंजिनिअर साहेबांची बोलणी. म्हणून तिथल्या क्रेनवाल्यांत रीतच पडली होती, की दुपारपर्यंत पोटात काही घालायचंच नाही. त्याच्या उस्तादानेही हेच शिकवलं होतं. उपाशी चढेल तो पक्का क्रेनवाला म्हणे! आता या अकलेला काय म्हणावं?

एके दिवशी साडेदहाच्या सुमारास नवव्या मजल्यावर एक लोखंडी तुळई उतरवायची होती. सिग्नलवाले काका तिथेच उभे राहून वॉकीटॉकीवर सांगत होते, "येऊ दे... येऊ दे... हळू... थांब."

क्रेनवाल्याने 'थांब' ऐकलं. त्याला ते कळलंही. पण हात दोन क्षण उशिरा थांबला, आणि तेवढ्यात तुळई धाडकन खाली टेकली. ती धरायला उभ्या असलेल्या फिटरने जिवाच्या आकांताने हात मागे ओढला. हात सुटला, हातमोजा तुळईखाली राहिला.

क्रेनवाला घाईघाईने खाली उतरला. आता काका फाडून खाणार, अशी त्याची खात्री होती. तो चिरडलेला हातमोजा घेऊन खाली आलेल्या काकांनी मात्र त्याला बाकावर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

"चहा खातात होय? रात्री कधी जेवलास?"

"आठला."

"म्हणजे चौदा तास झाले. अरे, रोज सकाळी तू ब्रेक तपासतोस, दोर तपासतोस, हुक तपासतोस. क्रेनच्या दांड्यावरचा हात कोण तपासतो?"

क्रेनवाल्याने मान खाली घातली. "काका, पण मध्येच उतरावं लागलं तर?"

"तर उतर. इमारत कुठे पळून जात नाही." काकांनी तो हातमोजा बाकावर त्याच्यापुढे ठेवला. "ज्याचा हात वाचला ना, तो माझा जावई आहे."

क्रेनवाल्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात इंजिनिअर साहेब तणतणत आले, काम का थांबलंय म्हणून. काका उठून उभे राहिले.

"साहेब, उद्यापासून हा उपाशी वर चढला तर मी सिग्नल देणार नाही. आणि नऊ वाजता त्याला खाली उतरायला अर्धा तास द्या. जमत नसेल तर त्या तुळईखाली तुम्ही उभे राहा."

साहेबांनी वर पाहिलं, मग बाकावरच्या त्या हातमोज्याकडे. ते म्हणाले, "नऊ ते साडेनऊ. पक्कं."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनवाला स्वतःहून ताटावर बसला. दोन अंडी, पाव, केळं, वर पेलाभर दूध! बायकोला वाटलं, याला ताप-बिप तर नाही ना आला? मग त्याने तिला आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. तिने आणखी एक अंडं सोलून त्याच्या ताटात ठेवलं.

साडेदहाला पुन्हा तुळई निघाली. खाली हात वर करून काकांचा जावईच उभा होता. काका म्हणाले, "थांब." आणि तुळई जागच्या जागी थांबली! या वेळी हाताला क्षणाचाही उशीर झाला नाही. नवव्या मजल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि ऐंशी मीटरवर एकटा बसलेला क्रेनवाला लहान मुलासारखा हसला.

मंडळी, सकाळची न्याहारी ही चैन नाही, ते आपलं कर्तव्य आहे. तुम्ही बस चालवत असाल, इंजेक्शन देत असाल, नाहीतर वर्गात शिकवत असाल, तुमच्या भरवशावर कोणीतरी उभं असतंच. तेव्हा उद्या घरातून निघण्याआधी बसा आणि चार घास खा. भूक तुमची असली, तरी तिची किंमत दुसऱ्याच्या हाताला मोजावी लागू नये!